घाट तोच, वाटा बदलल्या



शिवनेरीच्या पायथ्याशी, कुकडीच्या खोऱ्यात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. शिवजन्मभूमी म्हणून जुन्नर आपल्याला ठाऊक आहेच. त्यामुळे त्या थोरवीची उजळणी मी करत नाही. परिषदेचा विषय ‘भूगोल आणि संस्कृतींची जडणघडण’ असा ठरला आणि जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला आपण स्वागताध्यक्ष केलेत. इतिहासाच्या जाणकारांपुढे भूगोलाच्या मास्तराला पहिला तास मिळण्याचा योग एरवी येत नाही. तास वेळेत संपवीन, एवढी हमी देतो.

उद्या सकाळी आपण नाणेघाटाला जाणार आहोत. तिथे सह्याद्रीच्या ऐन धारेवर उभे राहिलात की एक गोष्ट पाहा. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस कुकडीत येतो. कुकडी घोडनदीला मिळते, घोडनदी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात जाते. पावलाभराच्या अंतराने पाण्याचा सारा प्रवास बदलतो. माणसांच्या समाजांचेही असेच होते काय, हा आपल्या परिषदेचा प्रश्न आहे.

जगाच्या इतिहासातली दोन खोरी शेजारी ठेवून पाहू. नाईलला पूर येई तो इथिओपियाच्या डोंगरातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसाने, म्हणजे आपल्याच पावसाळ्याच्या दिवसांत. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी ओसरे आणि मागे ओला गाळ राही. त्यात गहू-जव पेरायचा, पुढचा पूर येण्याआधी काढायचा. पूर आणि पीक यांचे वेळापत्रक आपोआप जुळलेले. नदी वाहते उत्तरेकडे आणि वारा बहुतेक काळ वाहतो दक्षिणेकडे. जाताना होडी प्रवाहावर सोडावी, येताना शीड उभारावे. दोन्ही अंगांना वाळवंट असल्याने शत्रूची धास्ती कमी. सुमारे ५००० वर्षांपूर्वी ती लांबच लांब दरी एका राजाच्या अमलाखाली आली, त्यात या सोयींचा वाटा मोठा होता. पूर किती चढला हे मोजण्यासाठी एलेफंटाइन बेटावर दगडी पायऱ्यांलगत खुणा कोरलेल्या आहेत. पाण्याच्या पातळीवरून पिकाचा अंदाज आणि पिकाच्या अंदाजावरून सारा, असा तो हिशेब होता.

आता मेसोपोटेमियातल्या टायग्रिस आणि युफ्रेटिस. त्यांना पूर येई उत्तरेच्या डोंगरातला बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेच्या सुमारास. म्हणजे पीक कापणीला आलेले आणि पाणी दारात. पेरणीच्या वेळी मात्र नदी रोडावलेली. तेव्हा बांध घाला, पाट काढा, गाळ उपसा, पाळ्या ठरवा. पाट आला की पाण्याची भांडणेही आली. लगाश आणि उम्मा या दोन सुमेरी नगरांचा जमिनीवरून आणि पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तंटा त्यांच्याच लेखांत वाचायला मिळतो. त्या सपाट मुलखात ना चांगला दगड, ना इमारती लाकूड, ना धातू. देवदार लेबनॉनच्या बाजूने आणायचा, तांबे ओमानकडून. घरचे मुबलक काय, तर माती. तिच्याच विटा झाल्या आणि तिच्याच पाट्यांवर धान्याचे, मेंढरांचे, मजुरीचे हिशेब लिहिले गेले. इजिप्तच्या एका राज्यासमोर इथे नगरांचा घोळका दिसतो, त्यामागे नद्यांचा हा स्वभाव आहे.

पण त्याच पाटांनी पुढे घात केला. उष्ण प्रदेश, सपाट जमीन, निचरा नाही. पाणी उडून जाई आणि क्षार मागे राही. दक्षिण मेसोपोटेमियात गहू मागे पडत गेला आणि क्षार अधिक सोसणारा जव उरला, अशी मांडणी थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९५८ साली केली. तिच्या तपशिलांवर पुढे वाद झाले. तरी क्षार म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. निचरा नसलेल्या काळ्या रानाला पाणी पाजत राहिले की वर पांढरे फुटते, हे त्याने स्वतःच्या बांधावर पाहिले आहे.

इथे एक धोका आहे. भूगोलाने इतके समजते म्हटल्यावर भूगोलानेच सगळे ठरते, असे म्हणावेसे वाटते. उष्ण हवेतली माणसे आळशी, थंड हवेतली उद्योगी, असली विधाने मोठमोठ्या पंडितांनी केली. माँतेस्क्यूच्या १७४८ सालच्या ग्रंथातही हा सूर आहे, आणि साम्राज्ये चालवणाऱ्यांना तो फार सोयीचा वाटला. जॅरेड डायमंड यांनी १९९७ साली वेगळी मांडणी केली. माणसे सगळीकडे सारखीच, पण पाळता येण्याजोगे मोठे प्राणी आणि पेरता येण्याजोगी धान्ये सारखी वाटली गेली नव्हती, असे ते म्हणाले. त्यांच्या गणतीत माणसाळवलेल्या १४ मोठ्या प्राण्यांपैकी १३ युरोप-आशियाच्या भूभागातले आहेत. वंशाच्या गर्वाला हे चांगले उत्तर आहे. पण प्राणी आणि धान्ये हाती आल्यावर माणसांनी काय केले, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. त्यासाठी आपला घाट पुरेसा आहे.

नाणेघाटाच्या गुंफेत उद्या आपण दोन्ही भिंतींवरचा ब्राह्मी लेख पाहाल. सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. अश्वमेध आणि राजसूय यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, असा सगळा तपशील त्यात आकड्यांसकट आहे, आणि आपल्या देशातल्या जुन्यांत जुन्या अंकलेखनात त्या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावे राहिली. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून आम्ही तो लहानपणापासून दाखवत आलो.

राजघराण्याने आपला लेख आडरानातल्या खिंडीत का कोरला? कारण ते आडरान नव्हतेच. तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते नैऋत्येच्या वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि ईशान्येचे वारे सुटले की परत फिरत. कल्याण-सोपाऱ्याचा माल हा घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने कोरलेली आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. लेणी व्यापारी वाटांच्या कडेने का आहेत, हे इतिहासकार दामोदर कोसंबींनी पायी हिंडून दाखवून दिले.

आणि हाच व्यापार एके काळी खुंटलाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की कल्याणला लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात क्षत्रपांच्या भडोचला नेली जात. तो क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याचा काळ होता. जुन्नरच्याच मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. वारा तोच, किनारा तोच, घाट तोच. सत्ता बदलली आणि वाट बदलली. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली आणि व्यापाराचा ओघ तिकडे वळला. नाणेघाटाची उंची फूटभरही वाढली नव्हती, पण बैलांच्या तांड्यांना त्याचे मोल होते आणि आगगाडीला नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. भूगोल समाजापुढे अटी ठेवतो आणि संधीही ठेवतो. त्यांतली कोणती उचलायची, हे माणसांची हत्यारे, राजकारण आणि शहाणपण ठरवते. चुकीचा हिशेब मात्र भूगोल कधी माफ करत नाही. याच खोऱ्यात घोडनदीकाठी इनामगावच्या उत्खननात सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. पुढे दुष्काळी काळ आला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी वस्ती उठली. आज कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तिथल्या रानांचा निचरा पाहणे हेही इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मी मानतो.

ही परिषद उभी करण्यासाठी गावकरी, शिक्षक आणि विद्यार्थी राबले आहेत. घरोघरी पाहुण्यांची सोय करणाऱ्या माता-भगिनींचे ऋण मोठे आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर आपले घर समजून सांभाळून घ्यावे.

शिक्षक मित्रांना एक विनंती करून थांबतो. इतिहासाच्या तासाला नकाशा भिंतीवर लावा. आपल्या गावची नदी, जुनी घाटवाट, बाजाराचा दिवस, आटलेल्या विहिरी, क्षारपड झालेली राने यांची नोंद मुलांकडून करून घ्या आणि पुढच्या परिषदेला ती वही घेऊन या.