काचतंतूच्या एका कड्यातील दोन रंग

एकाच लेसरमधून एकाच वेळी दोन किंवा अधिक तरंगलांबींचे प्रकाशस्पंद मिळवणे आणि ते तासन्‌तास स्थिर राखणे हा प्रकाशविज्ञानातील एक चिवट प्रश्न आहे. त्यामागची गरज मात्र फार दूरची नाही. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे संदेश प्रकाशतंतूंवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि दुर्बिणीच्या विस्तारात एकाच तंतूवर निरनिराळ्या तरंगलांबी सोडून अधिक संदेश वाहून आणण्याची सोय करण्यात आली. तशा व्यवस्थेत प्रत्येक तरंगलांबीला सामान्यतः स्वतंत्र लेसर लागतो. तेच काम एका लेसरकडून, तेही स्पंदांच्या रूपात, करून घ्यायचे म्हटले की अडचणी सुरू होतात.

तंतू-लेसरमध्ये काचतंतूच्या गाभ्यात अर्बियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचे आयन मिसळलेले असतात. त्यांना 980 नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केले की 1550 नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश वाढत जातो. तंतूचे कडे दहा मीटरचे असेल तर प्रकाश सेकंदाला सुमारे दोन कोटी फेऱ्या मारतो आणि अर्बियमच्या पट्ट्यात दोन लाखांच्या घरात मोड, म्हणजे त्या कड्यात टिकू शकणारी निरनिराळी कंपने, मावतात. ती आपापल्या तालात चालली तर बाहेर केवळ सतत झगमगणारा प्रकाश येतो. गणेशोत्सवातील सोलापूरच्या लेझीम पथकाप्रमाणे सर्वांचा ठेका एकाच क्षणी पडला, तरच सेकंदाच्या लक्षकोट्यंशाहूनही लहान असा प्रखर स्पंद निर्माण होतो. या क्रियेला मोड-लॉकिंग म्हणतात. मंद प्रकाश शोषून तीव्र प्रकाशाला वाट देणारा संपृक्त शोषक हा ठेका लावतो, आणि त्यासाठी कार्बनच्या नॅनोनलिकांपासून ग्राफीनपर्यंत अनेक पदार्थ वापरले गेले आहेत.

दोन रंगांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण नेहमीच्या तापमानाला अर्बियमचे सर्व आयन जवळजवळ एकाच भांडारासारखे वागतात आणि जी तरंगलांबी किंचित बळकट असेल ती सगळी ऊर्जा ओढून दुसरीला उपाशी ठेवते. तंतू द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करणे हा यावरचा जुना उपाय होता. तो चालतो, पण प्रयोगशाळेबाहेर त्याला फारसा अर्थ उरत नाही. तीव्रतेनुसार तोटा वाढवून बळकट रंगाला लगाम घालणे आणि ठरावीक तरंगलांबींनाच वाट देणारी गाळणी कड्यात बसवणे, हे आजचे मार्ग अधिक शहाणपणाचे आहेत.

दोन्ही रंग टिकले तरी ते बरोबरीने धावत नाहीत, कारण काचेत प्रत्येक तरंगलांबीचा वेग निराळा असतो. दूरसंचाराच्या साध्या तंतूच्या त्याच कड्यात 1535 आणि 1555 नॅनोमीटरचे स्पंद असतील, तर दुसरा पहिल्यापेक्षा सेकंदाला सुमारे 1,360 फेऱ्यांनी मागे पडतो. हा दोष वाटतो, पण तोच खरा लाभ आहे: या बारीक फरकामुळे प्रकाशाच्या अतिवेगवान कंपनांची नोंद साध्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आवाक्यात येते आणि हवेतील वायू त्यांच्या शोषणरेषांवरून ओळखता येतात.

स्थिरतेची कसोटी सोलापूरसारख्या गावात लागते. काच एका अंशाने तापली की या कड्यातील फेऱ्या सेकंदाला सुमारे 150 ने घटतात. उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचा फरक धरला, तर ही घट मोजायच्या फरकाहूनही मोठी होते. तरीही मापन बिघडत नाही, कारण दोन्ही स्पंद त्याच तंतूतून, तीच उष्णता सोसत जातात आणि त्यांच्यातील अंतर जवळजवळ कायम राहते. दोन स्वतंत्र लेसर आणून त्यांना खर्चिक नियंत्रणाने जुळवण्यापेक्षा एका कड्यात दोन रंग नांदवणे श्रेयस्कर ठरते ते यामुळेच. उष्णतेने प्रकाशाचे ध्रुवण मात्र बदलते आणि त्यामुळे मोड-लॉकिंगच तुटू शकते; म्हणून ध्रुवण राखणारा तंतू वापरावा लागतो, आणि तो महाग पडला तरी त्याला पर्याय शोधत बसू नये.

यातील बरेच सुटे भाग दूरसंचार उद्योगाने आधीच सुलभ केलेले आहेत आणि साधा प्रकाशतंतू तर छत्रपती संभाजीनगर येथेच तयार होतो. त्यामुळे विद्यापीठीय विभागांना हा विषय आवाक्याबाहेरचा मानण्याचे कारण नाही. प्रयोगाला हात घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे मात्र पाळावे, की हा प्रकाश डोळ्यांना दिसत नसल्याने त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा लावल्याशिवाय तंतूचे उघडे टोक हाताळू नये.