माघातला सह्याद्री आणि नवख्यांची पायपीट



पाठीवर सामान घेऊन सलग तीन-चार दिवस डोंगरांतून चालायचे, असा पहिला बेत बहुधा माघ महिन्यात शिजतो. पाऊस नसतो, धुके नसते, निसरड्या शेवाळाचे भय नसते आणि पहाटेची थंडी अंगाला हुशारी देते. त्यामुळे हा ऋतू सोपा, असा समज होतो. नवख्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या समजात आहे. माघ सरता सरता सह्याद्री दिवसातून दोनदा ऋतू पालटतो. पहाटे कानटोपीशिवाय बाहेर पडवत नाही आणि सकाळी अकरानंतर तोच कातळ तव्यासारखा तापू लागतो. करवीची पाने झडलेली, गवत वाळून पिवळे पडलेले, त्यामुळे उतारावर सावली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, श्रावणात वाटेवर सतत सोबत करणारे झरे एव्हाना आटलेले असतात.

म्हणून या दिवसांतल्या भ्रमंतीची आखणी गडांच्या नावांवरून करू नये, पाण्यावरून करावी. उदाहरणासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा रतनगड ते हरिश्चंद्रगड हा परिचित मार्ग घेऊ. हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर, याच डोंगररांगांत आहे. तरबेज मंडळी हा मार्ग दोन-अडीच दिवसांत उरकतात आणि त्याचे कौतुकही होते. दोन कुटुंबे, कॉलेजातली तीन-चार मुले आणि पन्नाशी ओलांडलेले एखादे काका असा दहा-बारा जणांचा गट असेल, तर त्या कौतुकाच्या वाटेला जाऊ नये. अशा गटाला चार दिवस हवेत आणि मुक्काम गडावर न करता गावांत करावा.

पहिला मुक्काम रतनवाडीत. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचे हे गाव अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. आदल्या संध्याकाळी तेथे पोहोचून पहिला दिवस रतनगडासाठी राखावा. पाठीवरचे मोठे ओझे गावातच ठेवून, पाणी आणि शिदोरी एवढेच घेऊन वर जावे, लोखंडी शिड्या चढून नेढ्यापर्यंत पोहोचावे आणि दुपार कलण्याआधी परत यावे. हा दिवस गड पाहण्यासाठी आहेच, शिवाय माणसे पाहण्यासाठीही आहे. कोणाचा बूट चावतो, कोण शिडीवर थबकतो, कोण दमल्याचे लपवतो, हे म्होरक्याला या एका दिवसात कळते. घरच्या बैठकीत ते कधीच कळत नाही.

दुसरा दिवस कात्राबाईच्या खिंडीचा, आणि खरी कसोटी तेथे आहे. रतनगडाच्या वाटेवरच फाटा फुटतो व जंगलातून खिंडीकडे चढ सुरू होतो. खिंड ओलांडून पलीकडे कुमशेतला उतरायचे. नवख्यांनी यासाठी किमान आठ तास धरावेत. चार दिवसांतला हा एकच दिवस असा, की मध्येच कंटाळा आला तर गाडीरस्ता गाठून घरी जाता येत नाही. रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही गावांना रस्ता आहे, खिंडीला नाही. म्हणून या दिवशी पहाटे सहाला, विजेरीच्या उजेडात निघावे. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या पुढे मावळतो. उजेड साडेअकरा तासांचा असला, तरी त्यातले कडक उन्हाचे चार तास चढणीसाठी निरुपयोगी असतात, हा हिशेब कागदावर मांडूनच निघावे.

याच कागदावर आणखी एक वेळ लिहिलेली असावी. दुपारी बाराच्या आत सर्वांत मागचा माणूस खिंडीत पोहोचला नाही, तर सर्वांनी रतनवाडीला परत फिरायचे. ही वेळ घरी, शांत डोक्याने, सर्वांच्या संमतीने ठरवावी. डोंगरात ठरवू गेल्यास उत्साही मुले पुढे जाऊ म्हणतात, थकलेले काका संकोचाने मान डोलावतात आणि त्या एका संकोचामुळे पूर्ण गट अंधारात अनोळखी उतारावर सापडतो. गट दोन तुकड्यांत तोडून पुढे जाणे हा तर त्याहून वाईट मार्ग. चालण्याचा वेग सर्वांत सावकाश माणसाचा, हा नियम ऐकायला जुना वाटतो, पण पाळला जात नाही. पुढे गेलेले सावलीत विसावतात आणि मागचा धापा टाकत पोहोचताच उठून चालू लागतात. विश्रांतीची सर्वाधिक गरज ज्याला, त्यालाच ती मिळत नाही.

उतरण्याकडे अधिक लक्ष द्यावे. पावसाळ्यात चिखल पाय धरून तरी ठेवतो. माघात सुटा मुरूम आणि वाळके गवत पायाखालून सरकते. गुडघ्यांवरचा भार कमी करण्यासाठी एक साधी काठी पुष्कळ उपयोगी पडते.

आता पाणी. दर माणशी निघताना चार लिटर हे कमीत कमी प्रमाण. चार लिटर म्हणजे चार किलो, हे लक्षात आले की बाकीचे ओझे आपोआप आटोक्यात येते. नवख्याच्या पाठीवर पाण्यासकट दहा किलोंच्या वर भार नसावा. म्हणून जीन्सची दुसरी जोडी, काचेच्या बरण्या, पत्त्यांचे कॅट आणि गाण्यांचा स्पीकर घरीच राहू द्यावे. वाटेवरचा कोणता झरा जिवंत आहे, गडावरच्या कोणत्या टाक्यात पिण्याजोगे पाणी आहे, हे जुन्या नकाशात वा गेल्या वर्षीच्या चित्रफितीत शोधू नये. त्याच आठवड्यात त्या डोंगरात गुरे चारलेल्या गावकऱ्याला विचारावे. गावातलाच एक वाटाड्या चारही दिवस सोबत घ्यावा आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. कसलेही पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे. उन्हाने गळाठलेल्या माणसासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येकाला तोंडपाठ असावे; चमचा चहाचा.

खाण्याचे फारसे कौतुक नको. दशम्या, गूळ-शेंगदाणे, सातूचे पीठ, मेतकूट. गावात रात्री गरम भाकरी-पिठले मिळते आणि ते तयार पाकिटांपेक्षा कितीतरी चांगले असते. त्यासाठी मात्र आधी निरोप धाडावा. रात्री आठला बारा माणसे दारात उभी ठाकणे हे पाहुण्याचे लक्षण नव्हे.

दोन संकटे याच ऋतूची आहेत. एक वणवा. वाळलेल्या रानाला एक ठिणगी पुरते. शिवाय अभयारण्यात आग लावणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे शेकोटीची हौस गावातल्या अंगणात, घरमालकाला विचारून भागवावी. दुसरे आग्यामोहोळ. कड्यांच्या कपारींत ही पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी माश्या चवताळतात. त्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड व मान कापडाने झाकून, पाय सांभाळत लवकरात लवकर तेथून दूर जावे.

तिसरा दिवस मुळेच्या खोऱ्यातून पाचनईला जाण्याचा. तो मुद्दाम हलका ठेवावा. चौथ्या दिवशी पहाटे पाचनईहून हरिश्चंद्रगड चढावा. गडाच्या वाटांत ही सर्वांत सुलभ आहे. नळीची वाट नवख्यांनी फक्त कोकणकड्यावरून, तीही कड्यापासून अंतर राखून न्याहाळावी. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पुष्करणी आणि थंडगार पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे शिवलिंग, एवढे पाहून दुपारपर्यंत खाली यावे. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी गर्दी असते, तेव्हा तिथी पाहूनच दिवस निवडावेत आणि प्रवेशाच्या नियमांची वनखात्याकडे आधी चौकशी करावी.

तयारीसाठी सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून चार दिवस इमारतीचे जिने, पाठीवरच्या पिशवीत आधी पाच, मग आठ किलो तांदूळ, आणि दर रविवारी एखादा जवळचा गड. पुणेकरांना सिंहगड आहे, मुंबईकरांना कर्नाळा. नवे बूट याच काळात झिजवावेत. ज्याला हे सहा आठवडे जमले नाहीत, त्याने तिसऱ्या दिवशी गाडीने थेट पाचनईला येऊन मिळावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी एक कागद घरी ठेवावा. त्यावर सर्वांची नावे, रक्तगट, चालू औषधे, रोजचा मुक्काम आणि वाटाड्याचा क्रमांक. खिंडीच्या परिसरात मोबाइलचा भरवसा धरता येत नाही, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी कुमशेतहून निरोप किती वाजेपर्यंत यायला हवा आणि न आल्यास घरच्यांनी 112 या क्रमांकावर केव्हा कळवायचे, तेही त्यातच लिहिलेले असावे.