मोकळा रस्ता कोणासाठी?



रॉक संगीत म्हणजे पोरांचा गोंगाट, असं अनेकींना वाटतं. मला ते आवडतं, आणि त्यात आपल्या कामाचंही बरंच आहे, म्हणून आज त्यावर बोलते.

या गाण्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: तीच नोकरी, तीच चाकोरी, हे जगणं खोटं आहे; इथून सुटून अस्सल काही जगायचंय. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९७५ च्या 'बॉर्न टू रन'मधला तरुण असाच गाव सोडू पाहतो. मैत्रिणीलाही चल म्हणतो. पण गाडी त्याची, बेतही त्याचा. त्याची घुसमट खरी आहे, तिची टिंगल मला करायची नाही. मात्र बाईची घुसमट गाण्यात कशी येते?

रोलिंग स्टोन्सच्या १९६६ च्या 'मदर्स लिटल हेल्पर'मधली गृहिणी दिवस ढकलायला गोळ्या घेते, आणि गाणारे तिला चिमटे काढतात. त्याआधी १९६३ मध्ये बेटी फ्रीडननं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय गृहिणींच्या या पोकळीवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. तिथे तो प्रश्न समाजाचा होता. गाण्यात तो एका बाईचा दुबळेपणा झाला.

१९८८ मध्ये ट्रेसी चॅपमन ही कृष्णवर्णीय गायिका 'फास्ट कार' घेऊन आली. गाणं तिनं स्वतः लिहिलेलं. त्यातल्या मुलीचा बाप दारुडा. आईला आयुष्याकडून जास्त हवं होतं, ती निघून गेली. मग बापाला सांभाळायला मुलीनं शाळा सोडली. पुढे तीही मित्राच्या गाडीतून शहरात पळाली. तिथे कमावते ती, आणि तो दोस्तांबरोबर दारूच्या गुत्त्यात. पोरांकडे बघायला त्याला सवड नाही. शेवटी ती त्यालाच म्हणते, जायचं तर जा.

आईचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. पण तिच्या सुटकेची किंमत मुलीनं भरली, हे गाणं लपवत नाही. घरातलं काम तसंच राहिलं, की एकीची सुटका दुसरीच्या गळ्यात पडते. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या पुरुष गायकानं हे गाणं पुन्हा गाजवलं. पस्तीस वर्षांनीही ते जुनं वाटलं नाही, ते याचमुळे असेल.

अस्सल जगणं नुसतं रस्त्याच्या पलीकडे सापडत नाही. म्हातारा बाप, पोरं, चूल यांची वाटणी झाली, तरच दोघांना मोकळं होता येईल. म्हणून मोकळ्या रस्त्याचं गाणं खुशाल ऐका, मनसोक्त गा. फक्त एक विचारा: हा निघाला, मागे पोरांपाशी कोण आहे?