इस्लाम नेमका कुठे बघायचा?

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय जरा जड आहे. मी मूळचा मानोऱ्याचा. आमच्या शेजारचा तालुका मंगरूळपीर. गावाच्या नावातच पीर! तिथे दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे आणि दर्शनाला येणाऱ्यांत हिंदूही असतात. मग तिथे जे चालतं, त्याला इस्लाम म्हणायचं का?

असे प्रश्न घेऊन लोकांमध्ये राहायचं, त्यांचं जगणं बघायचं आणि लिहायचं, हे मानववंशशास्त्रज्ञांचं काम. आणि याच प्रश्नावर त्यांचं आपसात जमत नाही.

क्लिफर्ड गीर्ट्झने 1968 मध्ये मोरोक्को आणि इंडोनेशियाची तुलना केली. धर्म एकच, पण धार्मिक असण्याची तऱ्हा दोन्हीकडे पार वेगळी. 1977 मध्ये अब्दुल हमीद अल-झैन त्याहून पुढे गेले: एकच एक इस्लाम असं काही नाहीच, जितके समाज तितके इस्लाम. ऐकायला भारी वाटतं. पण मला ते पटत नाही. कारण असं कुठल्याही मुसलमानाला सांगून बघा, तो म्हणेल, नाही भाऊ, इस्लाम एकच आहे.

ही अडचण पकडली तलाल असद यांनी, 1986 च्या एका छोट्या निबंधात. त्यांचं म्हणणं असं की इस्लाम म्हणजे नुसता ग्रंथ नाही आणि लोक करतील ते सगळंही नाही. ती एक परंपरा आहे. योग्य आचरण कोणतं, यावर कुराण आणि हदीसचा आधार घेत पिढ्यानपिढ्या चाललेला वाद आणि शिकवण. शिकवणारा मौलवीच हवा असं नाही, न शिकलेली आईसुद्धा चालते.

हे वाचलं आणि मला माझ्या शाळासोबत्याचं घर आठवलं. त्याची दादी दर्ग्यावर चादर चढवते. चुलतभाऊ म्हणतो, कबरीपुढे मागणं धर्मात बसत नाही. दादी म्हणते, मी मागते अल्लाहकडेच, बाबा फक्त शब्द टाकतात. बघा, दोघं एकाच गोष्टीचा आधार घेऊन भांडतायत. संशोधकाने यातला 'खरा' निवडायचा नाही. ते भांडणच नीट ऐकायचं. (आमच्या भाषेत: नुसता फायनल कोड वाचू नका, रिव्ह्यूमधल्या कमेंटही वाचा.)

भारतात हाच वाद इम्तियाज अहमद आणि फ्रान्सिस रॉबिन्सन यांच्यात रंगला. अहमद यांनी 1973 मध्ये भारतीय मुसलमानांमधल्या जातींवर पुस्तक संपादित केलं. स्थानिक रीती हा इथल्या इस्लामचा जिवंत भाग आहे, असं ते म्हणत. रॉबिन्सन म्हणाले, ग्रंथाची ओढ काळासोबत वाढत जाते, ती कशी विसरता? मला विचाराल तर मंगरूळपीरला दोन्ही दिसतं.

जातींचं म्हणाल तर आपल्याकडे पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार ही नावं कुणाला नवीन आहेत? 1915 च्या 'गांव-गाडा'त त्रिंबक नारायण आत्रे गावच्या बलुतेदारांबद्दल लिहितात, त्यांत मुलाणाही आहे. बकरं हलाल करणं हे त्याचं गावकीतलं काम. ते बकरं हिंदूच्या घरचंही असायचं. आता हे काम धर्माचं की गावाचं? वेगळं काढून दाखवा बरं!

आणि हा सगळा पुस्तकी खेळ नाही हं. माझा तोच मित्र पुण्यात खोली शोधत होता. एक घरमालक कौतुकाने म्हणाले, 'तू मुसलमान वाटतच नाहीस.' म्हणजे त्यांच्याकडे व्याख्या आधीच तयार होती, व्हॉट्सॲपवरून आलेली. तिकडे चुलतभाऊ त्याला म्हणतो, तू पुरेसा मुसलमान नाहीस. चुलतभावाशी तो रात्रभर वाद घालू शकतो, आयती आणि हदीस काढून. घरमालकांशी कसला वाद घालणार? नाव ऐकल्यावर त्यांनी खोली दुसऱ्याला दिली होती.