थोडे करावे, लवकर दाखवावे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी मला केली, हा त्यांचा लोभ होय. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच. जवळजवळ तीस वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात घालविली, एवढीच माझी पुंजी. तेव्हा ज्यातले थोडेबहुत कळते त्यावरच बोलावे, असा विचार करून 'ॲजाइल' ह्या नावाने ओळखली जाणारी कार्यपद्धती आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

हा विषय संमेलनास परका वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलगे, मुली, सुना व जावई आज ह्याच व्यवसायात आहेत. सकाळी दहाच्या सुमारास सूनबाई संगणकासमोर बसते, दोन-तीन वाक्ये बोलते, आणि पंधरा मिनिटांत सभा आटोपते. स्वयंपाकघरातील सासूबाईंस कोडे पडते, की ही रोज उठून कसली सभा! त्या कोड्याचा उलगडा झाला, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी मानीन.

प्रथम जुनी रीत पाहू. गिऱ्हाइकास काय हवे ते सारे आधी लिहून घ्यावयाचे, त्यावर सह्या घ्यावयाच्या, मग आराखडा, मग प्रत्यक्ष काम, मग तपासणी, आणि सरतेशेवटी सर्व एकदम गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयाचे. घर बांधण्यास हीच रीत योग्य. पाया घातल्यावर तो हलविता येत नाही. सॉफ्टवेअरच्या संबंधात विन्स्टन रॉइस ह्यांनी १९७० साली एका निबंधात ह्या पायऱ्या रेखाटल्या, आणि ही रीत जशीच्या तशी अवलंबिणे धोक्याचे आहे असे त्याच निबंधात बजाविलेही. लोकांनी आकृती तेवढी उचलली. इशारा मागे राहिला.

धोका कोणता, हे सांगण्यास मोठे ग्रंथ नकोत. लग्नाच्या स्वयंपाकात जाणता आचारी आमटीला उकळी येताच घरच्या कर्त्या बाईस बोलावून चव दाखवितो. पंगत बसल्यावर मीठ कमी असल्याचे कळले, तर त्याचा उपयोग काय? जुन्या रीतीत चव पाहण्याची वेळ पंगतीतच येते.

मी हे अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव मला भूषणावह नाही. २००६ साली माझ्या हाताखाली चौदा जणांचा गट होता. परदेशातील एका विमा कंपनीसाठी नुकसानभरपाईचे दावे नोंदविण्याची व्यवस्था आम्ही रचीत होतो. तिसऱ्या महिन्यात गटातील सर्वांत लहान मुलगी मजकडे येऊन म्हणाली, "सर, एकाच अपघातात दोन विमेदार असले, तर तो दावा आपल्या रचनेत बसतच नाही. त्यांना एकदा विचारून घेऊ या का?" मी म्हणालो, "त्यांच्या सह्या झाल्या आहेत. आपण लिहिल्याबरहुकूम करावे. तू अजून नवी आहेस." ती गप्प बसली, पुढे काही महिन्यांनी ती नोकरीच सोडून गेली. चौदाव्या महिन्यात आम्ही काम दाखविले, तेव्हा तेथील कारकुनाने पहिल्या अर्ध्या तासात नेमका तोच प्रश्न विचारला. निम्मे काम नव्याने करावे लागले, करार पुढे चालला नाही, आणि माझ्या गटातील पाच जणांची नोकरी गेली. त्यांतील दोघांची घरे त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालत होती. माझी नोकरी मात्र राहिली. बंधूंनो, हे मी आजवर चारचौघांत कधी बोललो नव्हतो.

आणि ह्या दुखण्यावरचे औषध तेव्हा ठाऊक नव्हते, असेही नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा प्रांतात, स्नोबर्ड ह्या बर्फाळ ठिकाणी, सतरा अनुभवी मंडळी एकत्र जमली आणि त्यांनी एक छोटे घोषणापत्र काढले. त्याचा आशय असा: नियम व साधने हवीत, पण माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद अधिक मोलाचा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष चालणारे काम मोलाचे, कराराच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाचा सहभाग मोलाचा, आणि ठरलेल्या योजनेस चिकटून राहण्यापेक्षा बदलत्या परिस्थितीस अनुसरणे मोलाचे. योजना नको, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

ह्या विचाराची सर्वांत रूढ रीत म्हणजे 'स्क्रम'. हा शब्द रग्बी ह्या खेळातला. ताकेउची व नोनाका ह्या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये, संपूर्ण गट एकजुटीने पुढे सरकतो अशा कामाला रग्बीची उपमा दिली. पुढे जेफ सदरलंड व केन श्वेबर ह्यांनी तिला सॉफ्टवेअरच्या कामात व्यवस्थित रूप दिले आणि १९९५ साली ते जाहीरपणे मांडले.

तिची घडण साधी आहे. गट लहान ठेवावयाचा, साधारणतः दहा किंवा त्याहून कमी. ह्याला हिशेब आहे. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, दहा जणांत पंचेचाळीस, आणि माझ्या त्या चौदा जणांत एक्याण्णव! म्हणूनच फ्रेड ब्रुक्स ह्यांनी १९७५ सालीच सांगून ठेविले, की उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातल्यास त्यास अधिकच उशीर होतो.

करावयाच्या सर्व गोष्टींची एक यादी असते. तिला 'बॅकलॉग' म्हणतात. त्यात आधी काय आणि मागाहून काय, हे ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असतो. ती 'प्रॉडक्ट ओनर'. पद्धती नीट पाळली जाते की नाही हे पाहणारा आणि वाटेतील अडचणी दूर करविणारा तो 'स्क्रम मास्टर'. हा मुकादम नव्हे. काम करणारी मंडळी आपले काम आपणच वाटून घेतात.

काळाचे तुकडे पाडलेले असतात. त्यांस 'स्प्रिंट' म्हणतात. एक तुकडा फार तर महिन्याचा, बहुधा दोन आठवड्यांचा. तेवढ्यात यादीतील थोडेच काम घ्यावयाचे, पण ते पुरते करावयाचे. 'नव्वद टक्के झाले' ह्यास येथे काहीच किंमत नाही. रोज पंधरा मिनिटे एकमेकांस सांगावयाचे, की काल काय झाले, आज काय करणार, आणि कोठे अडले आहे. सूनबाईची सभा ती हीच. तुकडा संपताच झालेले काम गिऱ्हाइकास दाखवून त्याचे म्हणणे ऐकावयाचे. आणि मग गटाने आपसांत बसून, आपण काम कसे केले आणि पुढील खेपेस काय सुधारावे, ह्याचा विचार करावयाचा.

ह्याचे फळ काय, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. अमेरिकेच्या एफ.बी.आय. ह्या तपासखात्याने गुन्ह्यांची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा एक उपक्रम सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली सोडून दिला. २००६ साली 'सेंटिनेल' नावाचा दुसरा सुरू केला, तोही रखडला. २०१० साली खात्याने ते काम स्वतःच्या हाती घेतले, गट लहान केला, दर दोन आठवड्यांचे तुकडे पाडले, आणि जुलै २०१२ मध्ये ती व्यवस्था खात्यात सर्वत्र वापरात आली.

तथापि ह्या पद्धतीचा विपर्यासही पुष्कळ होतो. कित्येक ठिकाणी रोजची सभा ही रोजची उलटतपासणी होऊन बसते. अडले आहे असे सांगणाऱ्याची नाचक्की होऊ लागली, की दुसऱ्या दिवसापासून कोणाचेच काही अडत नाही, आणि सारे खोटे एकदम शेवटी बाहेर पडते. ह्या पद्धतीचा खरा पाया एकच आहे: गटातील सर्वांत लहान माणसाने निर्भयपणे चूक दाखवावी, आणि सर्वांत मोठ्याने ती ऐकून घ्यावी. हे नसेल, तर स्प्रिंट आणि बॅकलॉग ही नुसती नावे होत.

वडीलधाऱ्यांसमोर लहानांनी बोलू नये, अशा वळणात आपण वाढलो. त्या वळणात आदर आहे आणि तो मला प्रिय आहे. परंतु मोठ्यांचा मान राखणे आणि चूक झाकणे ह्या दोन गोष्टी मी २००६ साली एक समजलो, आणि त्याची किंमत इतरांनी दिली. पुढे काही वर्षांनी त्या मुलीचा पत्ता शोधून मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "सर, तुम्ही तेव्हा नुसते 'विचारून पाहू' म्हणाला असता, तरी मी थांबले असते." ते वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या संस्थेच्या कुटुंबसूचीचे काम कित्येक वर्षे चालू आहे, आणि सर्व गावांची माहिती हाती आल्यावरच ती छापावी असा संकल्प आहे. माझी नम्र सूचना अशी, की आधी एकाच तालुक्यातील चाळीसएक कुटुंबांची सूची तयार करून त्यांच्याच घरी दाखवावी. नावे, नाती, तारखा ह्यांतील चुका ती मंडळीच सांगतील, आणि दुसऱ्या तालुक्यास त्या शिकवणीचा लाभ होईल. ह्या कामी दोन-चार तरुण मुलामुलींस समितीत घ्यावे. आणि त्यांनी एखादी चूक दाखविली, तर आपण वडीलधाऱ्यांनी ती आधी ऐकून घ्यावी.

बोलण्यात अधिकउणे झाले असल्यास क्षमा असावी.