खळं नव्हे, खळ

दिंडीला शंभर वर्षं झाली. तिच्यात माझी एक चूकही बरीच वर्षं चालली, ती सांगायले उभा आहे.

पसायदान आपण रोज म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा तो शेवट, शके १२१२ चा. त्यात ‘खळांची’ असा शब्द येते. मी चौथी शिकलेला शेतकरी, मले त्यात खळंच दिसे, जिथं आपण ज्वारी-तूर काढतो ते. ‘सांडो’ म्हणजे मापातून सांडू दे. मधल्या ‘व्यंकटी’चा अर्थ मी मनानंच रास असा लावला. झालं! माउलीनं शेतकऱ्यासाठी भरलेलं खळं मागितलं, असं मी वीस वर्षं कीर्तनात सांगितलं. लोक माना डोलवत.

एकदा वारीत मुक्कामावर दहावीतली एक पोरगी म्हणाली, “बाबाजी, खळ्यांचं असलं तर ‘खळ्यांची’ पाहिजे ना? इथं ‘खळांची’ काहून?” राग आला. पण रात्री पुढचा चरण मनात घोळवला. त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, असं माउली मागतात. खळ्याले कशाची गोडी?

वारीहून आल्यावर एका गुरुजींकडे गेलो. त्यांच्याजवळ दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड. तासभर शब्दच सापडेना. गुरुजी म्हणाले, आधी प्रत्यय काढा, ‘खळांची’ नाही, ‘खळ’ पाहा. ‘सांडो’ नाही, ‘सांडणे’ पाहा. ‘व्यं’ जोडाक्षर, ते ‘व’च्या पार शेवटी. मी शोधत होतो ‘वे’मध्ये!

खळ म्हणजे दुष्ट. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. सांडणेचे अर्थ मात्र पुष्कळ, गळणे, खाली पडणे, टाकून देणे, सोडणे. कोश सगळे अर्थ पुढे ठेवते, निवडायचा आपण. वाकडेपणा गळत नसते, तो सोडावा लागते. सांडपाणी म्हणतो ना आपण, ते टाकलेलंच पाणी. अनोळखी शब्द आला की माणूस विचारते तरी. ओळखीचा वाटला की फसते, मी ‘खळ’ला तसाच फसलो.

म्हणजे दुष्ट मरो असं माउली म्हणत नाहीत, त्याचा वाकडेपणा सुटो म्हणतात. त्या साली धुऱ्यावरून चुलतभावाशी माझं बोलणं बंद होतं. अर्थ समजल्याबरोबर मले खळ कोण ते दिसलं, तोच! दोन दिवस त्यातच गेले. मग आठवलं, धुरा कोरला तो नांगर माझा होता. दगड पहिल्या जागी नेऊन बसवला. तो बोलायले लागला नाही लगेच, दिवाळी लागली त्याले.

पुढच्या कीर्तनात इथंच, रोहण्यात, चूक कबूल केली. कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे पाया पडता पडता म्हणाले, “महाराज, अर्थ बरोबरच असन तुमचा, पण थे रास लय चांगली होती.”