डोंबिवलीचा आकडा

सापगावचा माणूस मुंबईला निघाला की आसनगावला लोकल पकडतो, आणि वाटेत डोंबिवली लागते. त्या स्टेशनाचं नाव गणितातही आहे. डहाणूला 1905 साली जन्मलेले, देवळालीत शाळामास्तरकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी काही संख्यांना ‘डेमलो’ म्हटलं, ते डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून.

त्यातली एक कागदावर मांडूनच बघा. नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. उत्तर सतरा आकडी: 12345678987654321. घाटासारखं, एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. उलटं वाचा, तेच!

यात जादू नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. कडेच्या रकान्यात एकच एक येतो, मधल्यात नऊ. हातचा कुठेच लागत नाही. दहा वेळा एक घ्या, मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि घाट मोडतो.

नऊ एकांच्या त्या सतरा आकडी उत्तरातल्या अंकांची बेरीज 81, म्हणजे नवाचा वर्ग. मला आवडते ती दुसरीच गंमत. उजवीकडचे नऊ अंक तोडा: 987654321. डावीकडे उरतात 12345678. दोन्हींची बेरीज? नऊ वेळा नऊ लिहिलेली संख्या.

कापरेकरांच्या नावाची 6174 ही संख्या अधिक प्रसिद्ध, पण ही डेमलो संख्या शाळकरी पोरालाही पाटीवर मिळते. पाटी मात्र जरा रुंद हवी.